विश्वचषकात वेलची कोण विकतंय?

१९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाचे नावच 'विल्स वर्ल्ड कप' होते. स्पर्धेच्या कपाळावर सिगारेट मिरवत होती आणि फारसे कुणाला त्यात वावगे वाटत नव्हते. अधिकृत शीतपेयाचा मान कोका-कोलाने पैसे मोजून घेतला. पेप्सीने 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणत त्या मानाचीच टर उडवली, आणि लोकांच्या तोंडी राहिले ते पेप्सीचे वाक्य. जाहिरातवाले हा किस्सा चातुर्याचा नमुना म्हणून सांगतात, तो आहेही. स्पर्धेशी करार नसला तरी चालते, प्रेक्षकाच्या डोक्यात नाव बसले पाहिजे, एवढे त्यातून सिद्ध झाले. पुढे पानमसाल्याच्या धंद्याने याच्याही पलीकडची मजल मारली: खपवायचा माल जाहिरातीत दाखवायचीही गरज उरली नाही.

सिगारेटची वाट कायद्याने अडवली. विल्स बनवणाऱ्या आयटीसीने २००१ मध्ये भारतीय संघाचे प्रायोजकत्व सोडले, २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावरही बंदी घातली. तरी सामना सुरू झाला की षटकांच्या मधल्या वेळेत तेच नाव, तेच रंग, तीच अक्षरे हजर. फक्त पुडीत वेलची असते. वेलची विकणे गुन्हा नाही, हा कंपन्यांचा युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे. पण विश्वचषकातल्या सेकंदासेकंदाचा दर कोणत्या वेलचीवाल्याला परवडेल? अमिताभ बच्चन यांनी २०२१ मध्ये अशाच एका जाहिरातीतून अंग काढून घेतले, मानधन परत केले आणि ही छुपी जाहिरात आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे कळवले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण नियमावलीने अशा आडपडद्याच्या जाहिराती मनाईच्या यादीत टाकल्या. म्हणजे नियम आहे, अंमलबजावणीचे घोडे अडले आहे.

वऱ्हाडात कुणी म्हणेल, आमच्याकडचा तंबाखू-सुपारीचा खर्रा तर पानठेल्यावर घोटला जातो, त्याला कुठला ब्रँड? खरे आहे. पण जाहिरात पुडीसोबत चघळण्याची प्रतिष्ठाही विकते. पडद्यावरचा नायक आणि माजी कर्णधार ऐटीत तोंडात काही टाकतात, तेव्हा ठेल्यावर उभ्या पोराला आपली सवय मोठ्या माणसांची वाटू लागते. दुसरा आक्षेप अंजनगाव सुर्जी, अकोटकडच्या पानमळेवाल्यांच्या पोटाचा. तो मनापासून घेतला जातो, म्हणून उत्तर द्यायला हवे: पानमसाल्याच्या पुडीत सुपारी असते, नागवेलीचे पान नसते. या जाहिरातींनी पानमळ्याला काहीच दिले नाही, उलट विड्याची जागा पुडीने खाल्ली. आणि हा पैसा आटला तर खेळ बुडेल, ही भीती तर सिगारेट गेली तेव्हाच खोटी ठरली. त्यानंतर भारतीय क्रिकेटची तिजोरी वाढतच गेली.

नकार देता येतो, याचा पुरावा त्याच १९९६ च्या स्पर्धेत आहे. सचिन तेंडुलकरने त्यात सर्वाधिक ५२३ धावा केल्या, तेव्हा त्याच्या बॅटवर कुठल्याच कंपनीचे लेबल नव्हते. तंबाखूची जाहिरात करणार नाही, असा शब्द त्याने वडिलांना, कवी रमेश तेंडुलकरांना दिला होता. २०२३ मध्ये राज्याच्या स्वच्छ मुख अभियानाचा दूत होताना त्याने हे पुन्हा सांगितले. पण एकाच्या शब्दावर सगळ्यांचे धोरण कसे चालेल? त्यासाठी मागणी लोकांतूनच उठायला हवी, आणि ती उठवू शकणारी परंपरा विदर्भात आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या भजनांतून गावोगाव व्यसनमुक्ती सांगितली. गुरुकुंज मोझरीला दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला लाखो लोक जमतात. २०२३ चा विश्वचषक रंगात असतानाच हा उत्सव झाला; एकीकडे मोझरीत व्यसन सोडण्याचे आवाहन, दुसरीकडे घरोघरच्या टीव्हीवर वेलचीची पुडी. २०२७ चा विश्वचषकही ऑक्टोबर-नोव्हेंबरातच आहे. महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखांनी त्याआधी ठराव करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे एकच मागणी धाडावी: महाराष्ट्रात ज्या नावाचा पानमसाला विकायला बंदी आहे, ते नाव सामन्याच्या प्रक्षेपणात कुठल्याही मालावर दिसता कामा नये.