‘दूरस्थ’ शब्द रुग्णाच्या घरी पोहोचावा

वैद्यकीय उपचारांचे केंद्र म्हणून मिरजेची ख्याती शतकाहून जुनी आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उभारले. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सांगली जिल्ह्यातील आणि सीमेपलीकडील कर्नाटकातील असंख्य कुटुंबे आजही मिरजेची वाट धरतात. हाड मोडलेल्या रुग्णाच्या कागदांवर एक शब्द हमखास आढळतो : ‘डिस्टल’. घरात सुशिक्षित माणूस असूनही त्याचा अर्थ उमगत नाही.

मराठीत यासाठी ‘दूरस्थ’ हा प्रतिशब्द आहे. त्याची गरज काय? ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द शरीराच्या स्थितीनुसार बदलतात. हात डोक्यावर उचलला की बोटे वर जातात आणि खांदा खाली राहतो. मात्र हात धडाला जेथे जोडलेला आहे, त्या मुळापासूनचा क्रम बदलत नाही. मुळाच्या जवळचा भाग तो समीपस्थ, लांबचा तो दूरस्थ. कोपराच्या तुलनेत मनगट दूरस्थ, मनगटाच्या तुलनेत बोटे दूरस्थ. रुग्ण उभा असो वा निजलेला, अर्थ तोच राहतो.

ही दृष्टी भारतीय परंपरेला अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पायावरील मर्मे पावलापासून मांडीकडे क्रमाने सांगितली आहेत आणि हातावरील मर्मेही त्याच रीतीने जाणून घेण्यास सांगितले आहे. अवयवाच्या टोकाकडून मुळाकडे जाणारा हा क्रम आहे. मात्र पूर्वजांच्या ज्ञानाचा गौरव करून आपले आजचे कर्तव्य संपत नाही.

कारण प्रश्न केवळ भाषाभिमानाचा नाही. वयस्कर स्त्रिया हातावर पडल्या की मनगटाजवळचे हाड मोडणे ही नेहमीची घटना. प्लास्टर घातल्यावर डॉक्टर ‘डिस्टल’ भागातील रक्ताभिसरण आणि संवेदना तपासून तशी नोंद करतात. रुग्ण घरी गेल्यावर हीच नजर कुटुंबीयांनी ठेवायची असते. प्लास्टरबाहेरची बोटे निळसर वा पांढरी पडली, थंड वा बधिर झाली, वेदना असह्य झाल्या, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठले पाहिजे. विलंबाची किंमत कायमच्या अपंगत्वाने मोजावी लागू शकते. ज्या शब्दावर हात वाचणे अवलंबून आहे, तोच शब्द घरच्यांना परका असावा, हे योग्य आहे काय?

‘दूरस्थ’ म्हटले की लोकांना दूरस्थ शिक्षणच आठवते, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. पण तो दोष शब्दाचा नाही, न वापरण्याचा आहे. सावरकरांनी दिलेले ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे शब्दही आरंभी नवखेच होते. वापराने ते घरचे झाले. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, वाई येथे मराठी विश्वकोशाचे प्रचंड कार्य उभे राहिले. परिभाषेसाठी त्याचा एक स्वतंत्र खंडच आहे. शब्दांची टंचाई आपल्याला कधीच नव्हती.

इंग्रजी संज्ञा काढून टाकावी, असा हट्ट येथे नाही. जगभरातील डॉक्टरांना परस्परांशी अचूक बोलता यावे म्हणून ती राहावी. मात्र घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर ‘दूरस्थ भाग, म्हणजे प्लास्टरच्या पुढची बोटे’ एवढी एक ओळ मराठीत, आणि सीमाभागातील रुग्णासाठी कन्नडमध्ये, असावी. त्यासाठी ना नवा कायदा लागतो, ना मोठा निधी. मिरजेच्या डॉक्टरांनी मनावर घेतले तर आरंभ येथूनच होऊ शकेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या दर्जाचे सार्थक केवळ समारंभांनी होणार नाही. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या आईला कुठे पाहायचे आणि केव्हा धावायचे हे जी भाषा सांगते, तीच खऱ्या अर्थाने ज्ञानभाषा होय.