खिशातील चित्र आणि खंडाची सुगी

२१ ऑगस्ट २०२४ रोजी वॉर्सामध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी तीन स्मारकांपुढे नतमस्तक झाले. एक नवानगरच्या जामसाहेबांचे, दुसरे कोल्हापूरचे आणि तिसरे मॉन्टे कॅसिनोच्या लढाईचे. दुसऱ्या दिवशी आपल्याकडील विचारवंतांनी ‘भारतीय मानवतावादा’चे गोडवे गायले. त्या स्तुतीत एक शब्द मात्र कटाक्षाने टाळला गेला, ‘हिंदू’. असहिष्णुतेचा आरोप ठेवायचा असतो तेव्हा हा शब्द या मंडळींना बरोबर आठवतो, औदार्याचे श्रेय देताना नेमका विसरतो.

ही कथा मुळात एका पराभूत देशाच्या शिपायांची आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्व भागातील लाखो पोलिश माणसे सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकलली गेली. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच आक्रमण केल्यावर स्टालिनचा नाइलाज झाला आणि तुरुंगातून सुटलेल्या जनरल आंदेर्स यांनी या हाडांच्या सापळ्यांतून सैन्य उभारले. १९४२ साली कॅस्पियन समुद्र ओलांडून लाखाहून अधिक पोलिश माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांत सुमारे एक तृतीयांश स्त्रिया, मुले व वृद्ध होते.

या शिपायांच्या खिशात, प्रार्थनापुस्तकाच्या पानांत एक लहानसे चित्र असे. वक्षातून लाल आणि फिकट असे दोन किरणझोत निघालेला येशू. फाउस्तिना कोवाल्स्का नावाच्या गरीब घरच्या जोगिणीला झालेल्या दर्शनावरून हे चित्र १९३४ मध्ये विल्नो येथे रंगविले गेले. १९३८ साली ती अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेली. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले आणि ‘दैवी करुणे’ची ही भक्ती शिपायांबरोबर देशोधडीला लागली. इराण, इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त, इटली. जिथे छावणी पडली तिथे चित्र पोहोचले. जेरुसलेममध्ये येशूच्या वधस्तंभयात्रेच्या मार्गावरील तिसऱ्या थांब्याचे देवालय याच पोलिश सैनिकांच्या वर्गणीतून दुरुस्त झाले. कोणतेही मिशन मंडळ यामागे नव्हते, परदेशी निधी नव्हता, आमिष नव्हते. देश गेला, घर गेले, आईबाप बर्फात पुरले गेले. उरला तो देव, आणि शेजारच्या शिपायाला त्यातला वाटा देण्याची इच्छा. स्वतः आंदेर्स जन्माने प्रोटेस्टंट; तेही १९४२ मध्ये स्वेच्छेने कॅथलिक झाले.

अशा भक्तीशी हिंदूचे भांडण कधी नव्हते आणि असण्याचे कारणही नाही. गळ्यात तुळशीमाळ घालून रणात जाणाऱ्या शिपायाला तो पोलिश शिपाई परका का वाटावा? भांडण तिथून पुढे सुरू होते.

याच निर्वासितांतील सुमारे पाच हजार जण १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळीवडे येथे आले आणि १९४८ पर्यंत राहिले. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, दुकाने होती, स्काउटची पथके होती, आणि त्यांचे चर्चही होते. करवीरनिवासिनी अंबाबाईच्या छायेत ही कॅथलिक वस्ती पाच वर्षे आपली प्रार्थना आपल्या भाषेत करीत राहिली. ज्यांना परत पाठवायला देश उरला नव्हता, पुसायला कोणी नव्हते, अशा पोरक्या मुलांना त्या दिवसांत कोणत्याही धर्मात ओढणे किती सोपे होते! पण भुकेल्याला अन्न देताना त्याच्या देवाची किंमत मागावी, ही कल्पनाच या मातीला सुचली नाही.

आता दुसरे टोक पाहावे. ज्या रोमचे नाव घेत हे शिपाई लढले, त्या रोमने १९५९ मध्ये फाउस्तिनाने सांगितल्या स्वरूपातील या भक्तीवरच बंदी घातली. शिपायांच्या खिशातील चित्र एकोणीस वर्षे संशयित ठरले. बंदी उठली एप्रिल १९७८ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात क्राकोवचे कार्डिनल वॉयतिवा हे दुसरे जॉन पॉल म्हणून पोपपदी आले आणि २००० साली त्यांनी फाउस्तिनाला संतपद दिले. पोलंडच्या यातना ज्यांनी तरुणपणी भोगल्या असे हे पोप. त्यांच्याच देशबांधवांना वळीवडे आणि बालाचडी येथे आसरा मिळाला होता.

आणि हेच पोप नोव्हेंबर १९९९ मध्ये, ऐन दिवाळीत, दिल्लीत आले आणि त्यांनी काय सांगितले? पहिल्या सहस्रकात क्रूस युरोपात रोवला गेला, दुसऱ्यात अमेरिका आणि आफ्रिकेत. तिसऱ्यात आशिया खंडात श्रद्धेची मोठी सुगी होईल, अशी त्यांनी आशा व्यक्त केली. सुगी! ज्या भूमीने निर्वासितांच्या चर्चला जागा दिली ती भूमी पाहुण्याला कापणीला आलेले शेत दिसावे? यजमानाच्या घरी दिवे लागलेले असताना असे बोलू नये, एवढी साधी रीतही पाळली गेली नाही. त्या वेळी निषेध करणाऱ्यांना मात्र ‘धर्मांध’ ठरविण्यात आले.

‘धर्मप्रचाराचे स्वातंत्र्य घटनेनेच दिले आहे,’ हे उत्तर तयारच असते. दिले आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच स्पष्ट केले की प्रचार म्हणजे आपल्या मताची तत्त्वे सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. हा भेद अमेरिकेच्या लष्करालाही कळतो. २००८ मध्ये इराकमधील फालुजाच्या नाक्यावर एका अमेरिकी मरीनने बायबलवचन कोरलेली अरबी नाणी नागरिकांना वाटली, तेव्हा त्याला तेथील कामावरून दूर करण्यात आले. तिथे जनतेच्या संतापाची दखल घेतली गेली. भारतात तोच आक्षेप घेणारा मागासलेला ठरतो. पोलिश शिपायाने चित्र दिले ते आपल्याच सोबत्याला, समदुःख्याला. नाक्यावर बंदूकधाऱ्याने, दवाखान्यात औषध देणाऱ्याने, दुष्काळात धान्य वाटणाऱ्याने दिलेले चित्र हे तेच चित्र राहत नाही, कारण घेणाऱ्याला नाही म्हणण्याची सोय नसते.

इटलीच्या त्याच डोंगरांत भारतीय जवानही होते. पोलिश ध्वज मॉन्टे कॅसिनोवर १८ मे १९४४ ला चढला. त्याआधी फेब्रुवारी आणि मार्चमध्ये चौथ्या भारतीय डिव्हिजनने त्या उतारांवर रक्त सांडले होते. १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले, ठाणे जिंकले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कुलाबा जिल्ह्यातील हा मराठा आणि त्याचे सोबती शिवाजी महाराजांचा जयघोष करीत संत फ्रान्सिसच्या उंब्रिया प्रांतात लढले. तिथल्या खेड्यांत ते मुक्तिदाते म्हणून शिरले, हाती शस्त्र होते, लोक उपाशी होते. एकाही इटालियन शेतकऱ्याला त्यांनी माळ घालायला सांगितल्याची नोंद नाही. २०२३ मध्ये मोंतोने गावाने घाडगे यांचे स्मारक उभारले. ते एक सूर्यघड्याळ आहे.