विश्लेषण : इलेक्ट्रिक मोटारीला कोणताही टायर चालतो का?

टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत घेतलेल्या इलेक्ट्रिक मोटारींचे मूळ टायर आता झिजले आहेत. दुकानात गेल्यावर ‘याच मापाचा, पण स्वस्त’ असा पर्याय हमखास पुढे केला जातो. माप जुळले म्हणजे टायर जुळला, असे मात्र नाही.

टायर लवकर का झिजतात?

मुख्य कारण वजन. बॅटरीमुळे मोटार त्याच आकाराच्या पेट्रोल मोटारीपेक्षा बरीच जड होते, अनेकदा दोनशे-तीनशे किलोंनी. शिवाय पाय दाबताच विद्युत मोटर पूर्ण जोर लावते, त्यामुळे सिग्नल सुटल्यावर रबर घासले जाते. पाय उचलल्यावर ऊर्जा परत बॅटरीत नेणारी ब्रेकिंग यंत्रणा (रीजन) मोटरला जोडलेल्या चाकांवरच काम करते. म्हणून नेक्सॉनसारख्या मोटारीत पुढचे टायर आधी संपतात, तर महिंद्रा बीई ६ मध्ये मागच्या चाकांवर हा ताण येतो. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल केली तर चारही टायर साधारण एकाच वेळी बदलीला येतात.

मापाच्या पुढचा आकडा काय सांगतो?

टायरच्या कडेवर ‘२१५/६० आर १६ ९५ एच’ असे काहीसे लिहिलेले असते. देशातील अनेक छोट्या एसयूव्हींचे हेच माप आहे. ग्राहक आणि दुकानदार दोघेही ‘आर १६’पर्यंत वाचतात आणि थांबतात. खरा प्रश्न त्यापुढच्या आकड्याचा आहे. तो भारांक, म्हणजे एका टायरने जास्तीत जास्त किती भार पेलायचा याचा संकेत. ९५ म्हणजे ६९० किलो, ९९ म्हणजे ७७५ किलो. हेच माप ‘एक्सएल’ या मजबूत प्रकारात ९९ भारांकाचेही मिळते. एका टायरमागे ८५ आणि चार टायर मिळून ३४० किलोंचा फरक! पाच माणसे, डिकीत सामान आणि मे महिन्यातला तापलेला रस्ता असा योग जुळला की कमी भारांकाचा टायर जास्त तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. यात तडजोडीला जागा नाही.

भारांकापुढचे अक्षर वेगमर्यादेचे असते. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर. आपण इतक्या वेगाने जात नाही हे खरे, तरीही मूळ टायरपेक्षा खालचे अक्षर टाळावे. एक्सएल टायरची जादा क्षमता हवेचा दाब पुरेसा असेल तरच मिळते. म्हणून हवा अंदाजाने न भरता चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिल्याप्रमाणे भरावी.

रेंज किती घटते?

पेट्रोल मोटारीत इंधनातील बहुतांश ऊर्जा इंजिनातच उष्णता होऊन वाया जाते, त्यामुळे टायरचा दोष झाकला जातो. विद्युत मोटर फारसे वाया घालवत नाही. तिथे टायरचा रोधही रेंजवर स्पष्ट दिसतो. नवे टायर बसवल्यावर रेंज थोडी घटते, याने मात्र घाबरून जाऊ नये. नव्या टायरवर रबराचा थर जाड असतो आणि जाड थर रस्त्यावर अधिक दबतो-उठतो. अगदी मूळचेच टायर बसवले तरी हे होते. दिसायला रुबाबदार अशी मोठी अलॉय चाके आणि रुंद टायर बसवणाऱ्यांना ही घट कायमची सोसावी लागते.

‘ईव्ही’ अशी छाप आवश्यक आहे का?

अपोलोची अ‍ॅम्पेरियन, सिएटची एनर्जीड्राइव्ह अशा खास मालिका बाजारात आहेत. त्यांत आवाज आणि रोध कमी ठेवण्यावर भर असतो. इंजिनाचा आवाज नसल्याने टायरचा गुंजारव कानाला अधिक जाणवतो, हे खरेच आहे. तरीही ‘ईव्ही टायर’ ही कायद्यातील वर्गवारी नाही. योग्य भारांक, कमी रोध आणि ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला साधा टायरही चालतो. पकड मुद्दाम सांगायची, कारण केवळ रोध कमी करण्याच्या नादात ती कमी होऊ शकते आणि पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात रेंज नव्हे, पकड कामाला येते.

ग्राहकाने हे ओळखायचे कसे, हीच खरी अडचण आहे. रोध, ओली पकड आणि आवाज यांचे किमान निकष केंद्राने २०२२ च्या अधिसूचनेने बंधनकारक केले. मात्र ‘किमान पात्र’ आणि ‘उत्तम’ यांतील फरक त्यातून दुकानात दिसत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकन योजना तो दाखवू शकते. पण ती सुरू झाली ऐच्छिक तत्त्वावर. फ्रिजवर तारे पाहून खरेदी करणाऱ्या ग्राहकाला टायरवरही ते सक्तीने दिसायला हवेत. तोपर्यंत दुकानदाराला तारांकन विचारावे, उत्तर नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

बसवताना काय काळजी घ्यावी?

टायरच्या कडेवरील चार आकडे पाहावेत. ‘२३२५’ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातील उत्पादन. एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळे टायर नकोत. जॅक नेमून दिलेल्या जागीच लावला जातो आहे ना, हे उभे राहून पाहावे. या मोटारींच्या पोटाखाली बॅटरी असते आणि चुकीच्या जागी लावलेला जॅक टायरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्चात पाडू शकतो.