गडद काळा रंग घ्या, पण खोलीत अंधार करू नका



‘काळा रंग जितका गडद, तितका डोळ्यांना आराम.’ मॉनिटर विकणारे हे वाक्य इतक्या ठामपणे म्हणतात की गिऱ्हाईक ते डॉक्टरांचं मत समजूनच घरी येतं. मग ओपीडीत प्रश्न येतो, "डॉक्टर, डोळे चुरचुरतात, रात्री डोकं धरतं. ओएलईडी मॉनिटर घेतला तर बरं वाटेल का?" विचारणारी मंडळी स्पर्धेत उतरणारी नसतात. दिवसभर नोकरी आणि रात्री जेवणानंतर तासभर विरंगुळा म्हणून गेम, एवढंच. अशा माणसाने मॉनिटरसाठी मोठी रक्कम मोजण्याआधी हा लेख वाचावा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. गडद काळा रंग ही चैन आहे. परवडत असेल तर जरूर करा. पण ती औषध म्हणून विकली जाते, त्याला माझा विरोध आहे. डोळ्यांवर ताण येण्याची जी कारणं आम्हाला ठाऊक आहेत, त्यांत ‘काळा रंग करडा दिसणं’ हे कारण नाही. उलट तो काळा रंग मनासारखा दिसावा म्हणून लोक जे करतात, म्हणजे खोलीतले सगळे दिवे मालवून बसतात, त्याने त्रास वाढतो.

काळा रंग करडा का दिसतो?

साध्या एलसीडी मॉनिटरमध्ये मागे पांढरा दिवा सतत चालू असतो. पुढचा लिक्विड क्रिस्टलचा थर तो उजेड अडवतो, पण पूर्ण अडवू शकत नाही. आयपीएस पॅनलमध्ये साधारण हजारातला एक भाग उजेड निसटतो. म्हणजे पांढरा रंग १०० निट असेल (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप), तर काळा ०.१ निट. व्हीए पॅनलमध्ये तीन हजारांत एक किंवा त्याहून कमी निसटतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळ्यासाठी चक्क बंद होतो. म्हणून त्याचा काळा खराखुरा काळा. इथपर्यंत दुकानदार खरं बोलतो.

पुढचं तो सांगत नाही. तुमच्या खोलीत ट्यूबलाइट चालू आहे. तिचा उजेड पडद्यावर पडतो आणि थोडा परत फिरतो. दोन टक्के जरी परतला, तरी तो अर्धा ते एक निट भरतो. समजा ०.७ निट. मग आयपीएसचा काळा झाला ०.८ आणि ओएलईडीचा ०.७! दुकानातला प्रचंड फरक घरच्या उजेडात एवढासा उरला. क्यूडी-ओएलईडी प्रकारच्या बऱ्याच पडद्यांवर तर खोलीत दिवा असला की काळा रंग करडा-जांभळट दिसू लागतो. म्हणजे ज्या गुणासाठी जास्त पैसे मोजले, तो पूर्ण वसूल व्हायचा तर अंधारच करावा लागतो.

अंधारात डोळ्याचं काय होतं?

प्रखर उजेडात डोळ्याची बाहुली २ मिलिमीटरपर्यंत आकसते, अंधारात ती ७-८ मिलिमीटरपर्यंत पसरते. बाहुली मोठी झाली की भिंगाच्या कडेचे दोषही चित्रात उतरतात. दिवसा न जाणवणारा अर्धा नंबर रात्री जाणवतो. सिलिंड्रिकल नंबर असणाऱ्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरलेली दिसतात. आणि तेवढ्यात गेममध्ये स्फोट होतो. महागडे पडदे अशा क्षणी हजार निटपर्यंत उजेड फेकतात, तोही पूर्ण उघडलेल्या बाहुलीत. डोळे दिपणार नाहीत तर काय?

अंधारात बसलं की माणूस मॉनिटरचा ब्राइटनेसही कमी करतो. काही मॉनिटर उजेड मंद करण्यासाठी मागचा दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. लुकलुक डोळ्याला दिसत नाही, पण काहींचं डोकं त्याने दुखतं. ओएलईडीतही प्रत्येक फ्रेमबरोबर उजेड किंचित खालीवर होतो.

पन्नाशीच्या वाचकांसाठी वेगळा मुद्दा. वयाबरोबर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होत जातं. पडद्यावरच्या तेजस्वी भागाचा उजेड त्या भिंगात विखुरतो आणि शेजारच्या काळ्यावर पातळ पडदा चढवतो. पॅनल कितीही काळं असो, डोळ्याच्या आत ते काळं राहत नाही. मोतीबिंदू सुरू झाला असेल, तर ओएलईडीच्या पैशांतला मोठा भाग वायाच जाणार. आणि ज्यांच्या डोळ्यातला कोन अरुंद आहे, त्यांना अंधारात बाहुली पसरल्यामुळे काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो. डोळा लाल, जबरदस्त दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं, उलटी असं झालं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

मुलं खेळत असतील तर

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा उजेड वेगाने लुकलुकला आणि जवळपास ७०० जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. काहींना फिट आली होती. तेव्हापासून तिथे मुलांच्या कार्टूनआधी सूचना दाखवतात: खोलीत उजेड ठेवा आणि टीव्हीपासून लांब बसा. भोवती अंधार असला की लुकलुकीचा मेंदूवर होणारा मारा जास्त तीव्र असतो. घरात कुणाला फिट येत असेल, तर हा नियम मोडू नका.

मुलाचा नंबर वाढू नये म्हणून ‘आय केअर’ मॉनिटर घेणारे पालकही भेटतात. नंबर वाढण्याचा संबंध सतत जवळचं पाहण्याशी आणि घराबाहेरच्या उजेडाच्या अभावाशी आहे. तैवानने शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याचा कार्यक्रम २०१० पासून राबवला तो याचसाठी. हे काम मॉनिटरवरचं स्टिकर करणार नाही, मैदान करेल.

निळ्या प्रकाशाची भीतीही अशीच विकली जाते. उघड्या आकाशातून येणारा निळा प्रकाश पडद्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या गेल्या, आणि निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्याने संगणकावरचा डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं त्यात दिसलं नाही. मग डोळे चुरचुरतात का? कारण आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो, आणि स्क्रीनपुढे ते प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. वर डोक्यावर पंखा! अश्रूंचा थर सुकतो, डोळा कोरडा पडतो.

मग घ्यायचा तरी कोणता?

"पण डॉक्टर, रात्रीच्या रस्त्यावर गाडी पळवताना आकाश करडं दिसलं की मजाच जाते!" मान्य. तुमची मजा मला घालवायची नाही. माझा सल्ला असा:

१. विरंगुळ्यासाठी खेळणाऱ्याला चांगला व्हीए मॉनिटर पुरतो. काळा रंग आयपीएसपेक्षा स्पष्टपणे गडद, किंमत ओएलईडीपेक्षा खूप कमी. गडद दृश्यात वेगवान हालचालीमागे थोडी सावली ओढल्यासारखी दिसते, ती स्पर्धकांना खटकेल, तुम्हाला सवय होईल.

२. ओएलईडी घ्यायचाच असेल तर त्यावर दिवसभर ऑफिसचं काम करू नका. तीच पट्टी रोज तासन्‌तास एका जागी राहिली तर तिचा डाग कायमचा उमटू शकतो.

३. ‘फ्लिकर-फ्री’ असं स्पष्ट लिहिलेला मॉनिटर पाहा. व्हीआरआरची सोय चालू असताना गडद दृश्य लुकलुकत असेल, तर ती बंद करा.

४. मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक मंद पांढरा दिवा लावा. पडद्यावर त्याचा उजेड पडत नाही, बाहुली फार पसरत नाही, आणि भोवतीच्या उजेडामुळे काळा रंग आहे त्याहून गडद भासतो. एवढ्याशा दिव्याने जे साधतं, त्यासाठी तुम्ही हजारो रुपये मोजायला निघाला होता!

५. पडदा हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद पाहा, आणि मुद्दाम पापण्या मिटा.

६. मॉनिटरच्या आधी डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा पोथीच्या अंतराचा असतो, मॉनिटर त्याहून लांब असतो. त्या अंतराचा नंबर वेगळा काढून मागा. डोकं दुखण्याचं कारण कित्येकदा इथेच सापडतं.

दुकानदाराला पॅनल, आकार आणि किंमत जरूर विचारा, त्यातलं त्याला कळतं. डोळ्यांचं मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. आणि आज रात्री खेळायला बसाल, तेव्हा खोलीत एक दिवा चालू राहू द्या.

काळजी घ्या.