नेमाची पोस्टकार्डं

माझी आजी चातुर्मासात रोज सकाळी देवासमोर 33 गोपद्मं काढायची. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत. पाटाशेजारची हातभर जागा ओल्या फडक्यानं पुसायची, शिरगोळ्याच्या रांगोळीची चिमूट अंगठा आणि तर्जनीत धरायची आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत गाईच्या खुरांच्या जोडपाकळ्या उमटवत जायची. अकरा-अकराच्या तीन ओळी. गॅसवरचं दूध वर यायच्या आत काम उरकलेलं असायचं. नव्यानं लग्न झालेल्या मुलीनं हे व्रत पाच वर्षं करायचं आणि मग उद्यापन, असा रिवाज. आजीचं उद्यापन माझ्या बाबांच्या जन्माआधीच होऊन गेलं होतं. मग अजून कशाला काढतेस, असं विचारलं की म्हणायची, "हात थांबत नाही."

तिच्या शेजारी बसून मी हे कितीतरी वेळा पाहिलं, पण त्यातली एक गोष्ट लक्षात यायला मला पन्नाशी गाठावी लागली. आज गोपद्मं कशी झाली, हे आजीला कधीच कुणी विचारलं नाही. चांगली आली तर कुणी वा म्हणत नसे आणि एखादं वाकडं गेलं तर ती ते पुसत नसे. दुपारपर्यंत मुंग्या, मांजर आणि आम्ही नातवंडं मिळून सगळं विस्कटून टाकायचो. दुसऱ्या दिवशी फडकं, ओली जमीन, पुन्हा 33.

माझं चित्रकलेशी बिनसलं ते मात्र शाळेतच. महाराष्ट्रात शिकलेल्यांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट काय असतं हे सांगायला नको. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. हल्ली इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक मुलांना क्लासला धाडतात. आमच्या वेळी नुसतीच अब्रू पणाला लागायची. सरावाच्या वर्गात स्मरणचित्राला 'आठवड्याचा बाजार' दिला होता. सरांनी माझा कागद सगळ्या वर्गासमोर उंच धरला आणि विचारलं, "ही म्हैस आहे की टांगा?" वर्ग हसला. मीही हसले, दुसरं काय करणार! (ती बैलगाडी होती.) पुढे सी ग्रेड मिळाली आणि तिथून 36 वर्षं मी 'मला चित्र काढता येत नाही' हे वाक्य 'मला पोहता येत नाही' याच सुरात म्हणत आले. पोहता न येणारा माणूस पाण्यात पडला तर बुडतो. चित्र न येणाऱ्याचं नेमकं काय होतं, हा प्रश्न मात्र मी कधी स्वतःला विचारला नाही.

2023 च्या जूनमध्ये घरात विषय निघाला की यंदा चातुर्मासात काय सोडायचं. कांदा-लसूण सोडणं आमच्याकडे सासूबाईंबरोबरच संपलं. लेक म्हणाली, मी साखर सोडते. तिनं ती आठवडाभर सोडली. मला आजी आठवली आणि मी जाहीर करून टाकलं की मी काही सोडणार नाही, धरणार आहे. रोज एक चित्र, पोस्टकार्डावर.

पोस्टकार्ड का, तर ते कशाचंच वाटत नाही. ड्रॉइंग पेपर समोर आला की त्याच्याबरोबर ते सरही येतात. चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या पुस्तकाचं नावच मुळी 'कोरा कॅनव्हास' आहे. तो कोरेपणा मोठमोठ्यांनाही विचार करायला लावतो, तिथे माझी काय कथा. बरव्यांच्या वह्या 2019 साली मुंबईच्या 'एनजीएमए' या कलादालनात मांडल्या होत्या. मोठ्या चित्रांपेक्षा मी त्या वह्यांपाशीच जास्त वेळ रेंगाळले. बोटभर आकार, शेजारी बारीक अक्षरात विचार. एवढ्या मोठ्या चित्रकाराचा दिवस एवढ्याशा जागेत मावू शकतो, हे पाहून बरं वाटलं होतं. ते मनात कुठेतरी राहिलं असणार.

डोंबिवलीच्या आमच्या टपाल कार्यालयात 120 पोस्टकार्डं मागितली तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांनी चष्मा वर केला. "एवढी? स्पर्धा आहे का कुठली?" मी हो म्हणून टाकलं. पन्नास पैशांप्रमाणे 60 रुपये झाले. कलेवर आजवर केलेला माझा हा सर्वांत मोठा खर्च.

नियम आजीकडूनच उचलले. दूध तापेपर्यंतचा वेळ, म्हणजे दहा मिनिटं. बॉलपेन, कारण रांगोळीला खोडरबर नसतो. समोर जे असेल ते काढायचं. आणि राहिलंच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काढून भरपाई करायची नाही. आजी अडचणीच्या दिवसांत स्वतः काढायची नाही, शेजारच्या काकू येऊन काढून जायच्या. नेम चालू राहायचा. व्रतांची ही बाजू मला फार शहाणपणाची वाटते. माणूस चुकणार, आजारी पडणार हे गृहीत धरून पळवाट आधीच करून ठेवलेली असते. सप्टेंबरात मला ताप आला तेव्हा दोन दिवस लेकीनं काढलं. एकदा मोबाइलचा चार्जर आणि एकदा पुन्हा चार्जर.

तिनंच मला सांगितलं की याला इंकटोबर म्हणतात, अमेरिकेतल्या जेक पार्कर नावाच्या चित्रकारानं 2009 मध्ये सुरू केलं, ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र. म्हटलं, उत्तम आहे. आमच्या चातुर्मासाचा तो चतकोर.

पहिल्या दिवशी चहाचा कप काढला. कपाची वरची कड गोल असते हे डोक्याला पाठ असतं. टेबलाशी बसलं की डोळ्याला ती चपटी दिसते. पण डोकं डोळ्याचं ऐकत नाही, ते हाताला परस्पर सांगतं, "गोल काढ." त्यामुळे माझा कप असा दिसत होता की त्यातला चहा कुणाच्या तरी मांडीवर सांडणार. चौथ्या दिवशी छत्री. आयुष्यभर छत्र्या वापरल्या, हरवल्या, लोकांच्या उचलून आणल्या. पण तिला आठ काड्या असतात हे त्या दिवशी मोजलं तेव्हा कळलं. भेंडी आडवी कापली की आत पाच कप्प्यांची चांदणी दिसते. कढईला दोन कान असतात आणि ते समोरासमोर असतात. माझ्या चित्रात ते एकाच बाजूला आले. स्वयंपाकघर इतकं अनोळखी असेल असं वाटलं नव्हतं.

या काळात मी रोज स्वतःला नावं ठेवत होते. कार्ड संपलं की सरांच्या आवाजात विचारायची, ही कढई आहे की कासव? आणि मग डब्यात टाकायची. उत्साह पंधरा-वीस दिवस टिकला. मग कळलं की यंदा अधिक श्रावण आहे. मी कॅलेंडर न पाहताच नेम धरला होता. चार महिन्यांचे पाच झाले, 29 जून ते 23 नोव्हेंबर, म्हणजे 148 दिवस. आईला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. "अगं, तुझी आजी अधिकाच्या वर्षी खूश असायची. महिनाभर जास्त काढायला मिळतं म्हणून." 33 गुणिले 148, हिशेब केला: 4,884 गोपद्मं. एका चातुर्मासात.

साधारण चाळिसाव्या दिवशी एक गंमत झाली. स्वतःला नावं ठेवण्याचाही कंटाळा आला. रोज तेच सर, तोच प्रश्न, तोच वर्ग. पाऊस लागला होता, शनिवार-रविवारची कामं डोक्यावर होती; चप्पल काढली, कार्ड डब्यात टाकलं आणि भाजी फोडणीला दिली. रात्री आठवलं की आज चप्पल कशी आली ते आपण पाहिलंच नाही. आत्मविश्वास म्हणजे छाती पुढे काढून येणारी काहीतरी चीज असेल, अशी माझी समजूत होती. माझ्याकडे तो आला तो असा, कंटाळ्याच्या मागून, मागच्या दारानं.

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. कला महाविद्यालयानं प्रवेश नाकारला होता, ही गोष्ट आमच्यासारख्यांना धीर द्यायला सांगतात. मला तिनं कधीच धीर आला नाही, कारण गोष्टीच्या शेवटी ते लक्ष्मण निघतात. मला धीर येतो तो त्यांच्या चौकटीच्या मापानं. 1951 पासून पुढे पन्नासएक वर्षं 'टाइम्स ऑफ इंडिया'त एका कॉलमाएवढी जागा. कालची कितीही गाजलेली असो, आज ती चौकट पुन्हा रिकामीच.

आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. वारल्यांकडे चित्र हे मुळात लग्नघरचं. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणींनी चौक काढायचा, लग्न लागलं की चित्राचं काम संपलं. म्हसे पुरुष. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले आणि धुळीत आकृत्या काढून आपलं म्हणणं सांगू लागले, असं त्यांच्याबद्दल सांगतात. सत्तरच्या दशकात त्यांनी ना लग्न, ना सण, असं रोज चित्र काढायला सुरुवात केली. पुढे 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, चित्रं परदेशात गेली, ते सगळं झालंच. मी मात्र त्या सुरुवातीच्या दिवसांचा विचार करते. पाड्यावर लग्न नसताना एक माणूस पीठ कालवून बसतो तेव्हा येणारे-जाणारे काय म्हणत असतील?

मला लोक काय म्हणतात ते 97 व्या दिवशी कळलं. त्या दिवशी सकाळी राहून गेलं होतं म्हणून दुपारच्या परतीच्या लोकलमध्ये कार्ड काढलं. बायकांचा डबा, चक्क खिडकी मिळाली होती. समोर एक मावशी मांडीवर पिशवी पसरून गवार निवडत होत्या. गवार निवडणारे हात काढणं सोपं नाही, ते थांबतच नाहीत. मी मान खाली घालून काढत होते, तेवढ्यात शेजारणीनं डोकावलं, तिच्या शेजारणीनं डोकावलं, आणि कानातली विकणारी पोरगी आपला पुठ्ठा सांभाळत मोठ्यानं म्हणाली, "मावशी, तुमचा फोटू काढतायत." मावशींनी हात पुढे केला. द्यावंच लागलं. चेहराही काढला होता मी, त्या धीरातच. त्यांनी कार्ड लांब धरून पाहिलं, जवळ आणून पाहिलं आणि निकाल दिला, "नाक माझं नाही हे. पण गवार आपलीच आहे."

डबा हसला. आणि मीही हसले. पण हे हसू वेगळं होतं, हे मला दिवा येईपर्यंत जाणवत राहिलं. मावशींचं म्हणणं अगदी बरोबर होतं. नाक फसलं होतं, गवार जमली होती. एका चित्रात एक गोष्ट फसू शकते आणि दुसरी जमू शकते, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. "माझं काढ ना," कानातलीवाली म्हणाली. मी म्हटलं, उद्याचं कार्ड उद्या. तर म्हणाली, "मग उद्या याच गाडीला ये."

120 कार्डं दसऱ्यानंतर दोन दिवसांनी संपली. आणखी 28 आणली. त्या दिवशी खिडकीत दुसरंच कुणी होतं. कार्तिकीला संध्याकाळी हॉलमधला गालिचा गुंडाळून मी सगळी 148 कार्डं जमिनीवर तारखेप्रमाणे मांडली. पायरी-पायरीनं सुधारणा दिसेल अशी आशा होती. तसं काही नव्हतं. 131 व्या दिवशीचा कपही चहा सांडायच्याच बेतात होता. म्हसे सोडाच, मी इंटरमिजिएटला पुन्हा बसले तरी ग्रेड बदलेल असं वाटत नाही.

फरक होता तो रेघेत. जूनमधल्या कपाची कड दहा-बारा भुरभुरीत रेघांनी मिळून झालेली, अंधारात भिंत चाचपडावी तशी. एक चुकली तर दुसरी सावरून घेईल म्हणून ओढलेली. नोव्हेंबरातल्या कपाची कड चुकलेली होती, पण ती एकच रेघ होती. कुठून निघाली आणि कुठे टेकली ते दिसत होतं. मी ते कार्ड हातात धरून बराच वेळ बसले. चिमटीतली रांगोळी चाचपडून सोडताच येत नाही. सुटली की सुटली. आजीचं पुटपुटणं मी इतकी वर्षं स्तोत्र समजत होते. बहुधा ती मोजत होती.

लेकीनं तिची दोन चार्जरची कार्डं परत मागून घेतली. गवारीचं मी फ्रिजला लावलंय.

पुढच्या वर्षी आषाढीच्या आदल्या दिवशी टपाल कार्यालयात गेले. कॅलेंडर या वेळी पाहून ठेवलं होतं, अधिक महिना नव्हता, 119 दिवस. खिडकीत पुन्हा तेच गृहस्थ होते. त्यांनी चष्मा वर केला.

"परत स्पर्धा? गेल्या वेळी नंबर आला का?"

"नाही आला," मी म्हटलं. "एकशे वीस द्या."