आधी कान, मग अक्षर

दर जूनमध्ये पहिलीच्या वर्गात नवी मुले येतात आणि पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. घरी उर्दू, मकतबमध्ये कायदा, शाळेत मराठी; इतक्या अक्षरांत लेकरू गोंधळणार नाही का? आमचे उत्तर असे, की मूल अनेक लिप्यांमुळे गोंधळत नाही. आवाज कानात बसण्याआधी अक्षर हातात दिले, की ते गोंधळते.

उर्दूत अक्षराचे नाव वेगळे आणि आवाज वेगळा. 'बे' हे नाव, पण 'बकरी'त ऐकू येतो फक्त 'ब'. मराठीत नाव आणि आवाज जवळजवळ एकच. त्यामुळे अलिफपासून येपर्यंत घडाघडा म्हणणारे मूलही 'बस' हा साधा शब्द समोर आला, की 'बे, सीन' म्हणून थांबते. त्याला नावे पाठ आहेत, आवाज जोडता येत नाहीत. हे जोडणे पाटीवर नव्हे, खेळातच लवकर येते.

पहिला खेळ पिशवीचा. पिशवीत साबण, कंगवा, कागद, चमचा, बटण अशा वस्तू टाका. मुलाने हात घालून एक काढायची आणि तिचा पहिला आवाज सांगायचा. साबण आणि साबुन, कंगवा आणि कंघी, कागद आणि काग़ज़. भाषा दोन, पण सुरुवातीचा आवाज एकच. हे कळले, की मुलाला दोन्ही भाषा आपल्याच वाटू लागतात.

दुसरा खेळ साखळीचा. बैतबाजी आपल्या घरांत नवी नाही. इथे शेराऐवजी शब्द घ्यायचा. बदक, कप, पतंग, गवत, तबला. मध्येच कुणी 'कमळ' म्हटले, की साखळी अडते, कारण 'ळ'ने मराठी शब्द सुरू होत नाही. 'ण'चेही तसेच. हा नियम मुलांना स्वतः शोधू द्या.

हे दोन आवाज उर्दूत नाहीत. म्हणून आपली मुले 'पाणी'ला 'पानी' आणि 'बाळ'ला 'बाल' म्हणतात. यावर वर्गात कुणी हसले, की मूल मराठीत तोंड उघडणेच सोडते. पुढे त्याला 'मठ्ठ' म्हटले जाते आणि तेही ते खरे मानू लागते. हसण्यापेक्षा जोड्यांचा खेळ घ्या: काल-काळ, माल-माळ, वेल-वेळ, मन-मण. 'ळ' किंवा 'ण' ऐकू आला, की मुलाने टुणकन उडी मारायची. कानाला फरक कळला, की जीभ हळूहळू मागे येते.

आता अक्षरे. बे, पे, ते, से यांची होडी एकच, फरक नुकत्यांचा. फरशीवर खडूने होडी काढा, हातात चिंचोके द्या. खाली एक ठेवला तर बे, खाली तीन तर पे, वर दोन तर ते, वर तीन तर से. मराठीतही 'व'च्या पोटात तिरपी रेघ दिली, की 'ब' होतो. थाळीत रवा पसरून बोटाने गिरवू द्या. उर्दू लिहिताना थाळीच्या उजव्या कडेला बांगडी ठेवा, मराठीच्या वेळी डाव्या कडेला. बोट बांगडीपासून निघते, म्हणजे दिशाही चुकत नाही.

'आम्ही शिकलेल्या नाही, काय शिकवणार?' असे अनेक माता विचारतात. पिशवी, साखळी आणि उडी या तिन्ही खेळांत एकही अक्षर वाचावे लागत नाही. ज्या दादी-नानीला सही येत नाही, तीही नातवाला आवाज ओळखायला शिकवू शकते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे त्याचे उद्दिष्ट. कारण साधे आहे: त्यापुढे गणित, भूगोल सगळे पुस्तकातूनच शिकायचे असते. तिथे अडखळलेले मूल प्रत्येक विषयात मागे पडते आणि शाळा सुटण्याची सुरुवात इथूनच होते.

बदरच्या युद्धातील लिहिता येणाऱ्या कैद्यांना मदीनेतील दहा-दहा मुलांना लिहायला शिकवण्याच्या बदल्यात मुक्त केले गेले, हे आपण सीरतमध्ये वाचतो. अक्षराची एवढी किंमत जाणणाऱ्या उम्मतीच्या घरात रोज असर आणि मगरिबच्या दरम्यान दहा मिनिटे निघायला हवीत. त्या वेळात मोबाइल बाजूला ठेवा, एका दिवशी एकच खेळ घ्या आणि मूल कंटाळण्याआधी थांबा. म्हणजे उद्या ते स्वतःच पिशवी घेऊन येईल, इन्शाअल्लाह.