सिंक खिडकीखाली न्यायचंय? आधी उतार मोजा

खिडकीखाली सिंक असावं, भांडी घासताना बाहेरचं झाड दिसावं, ही माझ्या आईची कित्येक वर्षांची इच्छा. गेल्या वर्षी स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा बाबा म्हणाले, "दोन मीटरचाच तर प्रश्न आहे, आपणच करू!" दोन सुट्ट्यांत सिंक बसलंही. आठव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. "अहो, आमच्या छताला ओल आलीय."

तुम्हीही असा बेत करत असाल, तर आमची चूक आधी वाचा.

नळाचं पाणी दाबाने येतं, त्यामुळे तो पाईप वर, खाली, कुठूनही वळवता येतो. सांडपाण्याला मात्र कोणी ढकलत नाही, ते फक्त उतारावरून जातं. आमचा पाईप जवळजवळ सपाट होता. त्यात खरकटं आणि तेलकट पाणी साचून राहिलं आणि एका कच्च्या सांध्यातून झिरपत राहिलं. बाथरूमसारखं वॉटरप्रूफिंग स्वयंपाकघराच्या फरशीखाली बहुतेक वेळा नसतं, म्हणून ते थेट काकूंच्या छतात उतरलं.

काम सुरू करण्याआधी

दर मीटरला साधारण २ ते २.५ सेंटीमीटर उतार हवा. म्हणजे सिंक २ मीटर सरकवलं, तर पाईपचं सिंकाकडचं तोंड जुन्या जोडापेक्षा ४ ते ५ सेंटीमीटर उंच हवं. पाणसळ लावून भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा. तेवढी उंची मिळत नसेल, तर सिंकाची जागाच बदला.

सोसायटीची परवानगी घ्या. कॉलम, बीम किंवा स्लॅबला छिन्नी लावू नका. खिडकीबाहेरून पावसाच्या पाण्याचा पाईप गेलेला दिसतो, त्यात सांडपाणी सोडायचा मोह टाळा.

काम करताना

मुख्य चावी बंद करून नळ उघडा, पाईपमधलं पाणी जाऊ द्या. गिझरचं गरम पाणी येणार असेल, तर सीपीव्हीसी पाईप आणि त्याचंच सॉल्व्हंट वापरा. सिंकाखाली अँगल कॉक बसवा, म्हणजे पुढे दुरुस्तीसाठी घरभराचं पाणी बंद करावं लागणार नाही.

सांडपाण्याच्या पाईपला एकदम काटकोनात वळवण्याऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड लावा, बोळा कमी अडकतो. सिंकाखालचा ट्रॅप कधीही वगळू नका. त्यात साठून राहणारं थोडंसं पाणीच गटाराचा वास आणि झुरळं घरात येऊ देत नाही.

टाइल्स लावण्याआधी

इथे घाई केली की पस्तावा ठरलेला. सॉल्व्हंट डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं वाळू द्या. मग नळाच्या पाईपांची तोंडं बंद करून, पाणी सोडून ते रात्रभर तसेच ठेवा. सिंक बसल्यावर ते काठोकाठ भरा, बूच काढा आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरा. कागद ओला झाला, तर काम अजून बाकी आहे. भिंत बुजवण्याआधी मोजपट्टी धरून पाईपांचे फोटो काढा. पुढे भिंतीत खिळा ठोकताना हेच फोटो कामी येतील.

आणि एक सांगू? भिंतीत किंवा फरशीत फोडाफोड करायची असेल, तर अनुभवी प्लंबर बोलवा. त्यात कमीपणा नाही. बाबांनी शेवटी तेच केलं. सगळे पाईप काढून नव्याने बसवले, आणि काकूंचं छत रंगवून दिलं. दुहेरी खर्च झाला, पण शेजार टिकला.

आता आई खिडकीशी उभी राहून भांडी घासते. बाबा मात्र अजूनही झोपण्याआधी सिंकाखालचं कपाट उघडतात, टॉर्च मारतात, सांध्यावरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "कोरडं आहे!"